छत्तीसचा आकडा

वागळे इस्टेटीत, जिथे पूर्वी गिअर कापायचे
आणि आता जिम आहे,
त्या जिमच्या जिन्याखाली माझं दुकान.
रात्री साडेआठला लहानू वांगड येतो,
येऊरला घरी जाण्याआधी,
गोणपाटात दोन मशिनं, एक मोठं, एक फांद्यांचं.

काय कापलं ते मी विचारत नाही.
झाकण उघडते,
चाकाभोवती अडकलेला भुसा बोटावर घेते.
फिका, ओलसर : गुलमोहर.
चॉकलेटी : रेन ट्री.
छिलका असेल तर दात कापतायत,
पीठ असेल तर नुसते घासतायत.
पीठ पडायला लागलं की माणूस जोर लावतो,
आणि जोर लावणाऱ्याचा पट्टीचा शेंडा
कधी कुठे टेकेल आणि मशीन
तोंडावर येईल, सांगता येत नाही.
लहानूच्या हनुवटीवर चार टाके आहेत.
ते त्या आधीचे, जेव्हा तो
धार दुसरीकडे लावून घ्यायचा.

छत्तीस दात या साखळीला.
अठरा डावे, अठरा उजवे,
एकमेकांकडे पाठ करून बसलेले.
छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच.
पण लाकूड सरळ कापलं जातं ते त्यांच्यामुळेच.
डावे झिजले की काप उजवीकडे पळतो,
जसं आमच्या घरात आई गेल्यावर झालं.

कानस पुढेच ढकलायची.
मागे ओढली की कानसही जाते, दातही जातो.
पुढे, उचल. पुढे, उचल.
या दाताला तीन हात तर त्यालाही तीनच,
लाड कुणाचे नाहीत.
कुठून सुरू केलं ते विसरायला नको म्हणून
पहिल्या दाताला नेलपॉलिशचा ठिपका.
हे मी वडिलांकडून शिकले नाही.

आज मोठ्या मशीनचे सलग सात दात गेलेले,
टोकंच नाहीत, नुसती चकाकी.
लहानू खिशातून लाकडाचा तुकडा काढतो.
पाचपाखाडीतला रेन ट्री, बुंधा पोखरलेला,
परवानगीचा कागद लावलेला.
"क्लासवाल्यांचे, पेस्ट कंट्रोलवाल्यांचे खिळे
आपण आधी उपटतो ताई,
हा वीतभर आत होता.
झाडानं गिळलेला."
खिळ्याभोवती लाकूड निळंकाळं झालंय.
डोकं ठोकून केलेलं, टोक कानशीनं काढलेलं.
असे खिळे दुकानात मिळत नाहीत.

कारखान्याला टाळं लागल्यावर
वडिलांनी पाचपाखाडीत एका झाडाला पाटी ठोकली होती :
सुरी, कात्री, करवत. धार लावून मिळेल.
खिळेही भंगारातल्या सळईचे, घरी केलेले.
मी आठ वर्षांची, पाटी धरून उभी,
आणि ते ओरडत होते,
तिरकी होतेय, डावीकडे घे, डावीकडे.
झाड कुठलं होतं ते आठवत नाही.
त्या वर्षी बेकार झालेल्या कितीतरी जणांनी
कितीतरी झाडांना काही ना काही ठोकलं असेल.

सात दात मोडले की
उरलेल्या एकोणतिसांनाही तेवढंच आखूड करावं लागतं.
त्यांची काही चूक नसते.
मी कानशीला मूठ बसवते.
लहानू फिल्टर धुतो, पट्टी उलटी करतो
म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील,
मापानं तेल ओततो, लिटरला वीस मिली,
थेंबभरही इकडे तिकडे नाही.
मग साखळी बोटानं वर ओढून सोडतो.
टक्. बसली.

मशीन जमिनीवर, पाय हँडलमध्ये, दोरी.
धूर जिन्यातून वर जिममध्ये जातो,
कुणीतरी शिवी देतं.
पट्टीच्या टोकासमोर जुनं वर्तमानपत्र :
तेल पोचतंय का ते बघायचं.
एक बारीक रेघ उमटते,
जरा उजवीकडे.

"चालेल," लहानू म्हणतो.
मी म्हणते, थांब,
आणि पुन्हा कानस घेते.