बारा तुझे, बारा माझे

तेव्हा आपण फार शहाणे होतो.
हलच्या त्या भाड्याच्या घरात, ओट्यावर
जुना टॉवेल चौपदरी घालून
तू पोलादी पट्टीवर अक्षरं ठोकत होतास,
आणि मी यंत्राच्या नखाएवढ्या पडद्यावरून
एकेक शब्द वाचून दाखवत होते.
इंटरनेटचं वारंही न लागलेलं यंत्र.
कॅबेज. लॅडर. विंटर. ऑर्फन.
अर्थ लावायचा नाही, क्रम सांभाळायचा.
पहिली चार अक्षरं ठोकली की पुरे,
तेवढ्यावरून ते अख्खा शब्द ओळखतं.
भिंतीपलीकडून मिसेस कॉपलींनी दोनदा ठोकलं,
तू ओरडलास, सॉरी, अजून नऊच!

मग पट्टी मधोमध कापली.
जाणकार सांगतात, असं कापू नये,
एक तुकडा गेला की सगळंच गेलं.
आपण म्हटलं, जाणार कुठे?

गेलास. फार लांब नाही,
हंबरच्या पलीकडे, बार्टनला.
पुलाचा टोल दीड पौंड.
वकीलबाईंनी यादी केली : गाडी, सोफा,
दोन कुकर, एक झाकण.
आणि याची किल्ली कुणाकडे?
अर्धी माझ्याकडे, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

यंत्र राहिलं माझ्याकडे, मेथीदाण्यांच्या डब्यात.
पिन कुणाचाच वाढदिवस नव्हता, एवढंच आठवत होतं.
तीनदा चुकले,
आणि ते स्वतःला पुसून कोरं झालं.
चिडलं नाही, काही विचारलं नाही.
पैसे त्यात नव्हतेच कधी, होती ती फक्त किल्ली,
हे तूच शिकवलं होतंस मला,
पण पोटात खड्डा पडायचा तो पडलाच.

नोव्हेंबरातल्या शनिवारी पूल ओलांडून आले.
तू चहा केलास. माझ्यात साखर घातली नाहीस,
मी सोडलीय हे तुला कुणी सांगितलं?
ठरलं : आधी तू तुझे बारा घालायचे,
मग मी माझे, दुसऱ्याने बघायचं नाही.
मी खिडकीशी उभी राहिले.
ओहोटी. चिखलात एक पांढरा पक्षी
पाय उचलून विचार करत होता.
मागे टिक टिक टिक,
दोनच बटणं, एका अक्षरापर्यंत पोचायला
अख्खी बाराखडी चालून जावं लागतं.
आता तू, म्हणालास,
आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतलेस.

नववा शब्द अडला.
टी, ओ, एम,
आणि पुढे हातोडी घसरल्याचा चरा.
ए असेल तर टोमॅटो,
ओ असेल तर टुमॉरो.
भिंगातून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं,
नखाने चाचपलं.
शेवटी विचारलंच, हेरंब...
तू वळला नाहीस.
टोमॅटो, म्हणालास. त्या दिवशी सार केलं होतंस,
आणि हा शब्द आला म्हणून आपण हसत सुटलो,
तेव्हाच घसरली.

म्हणजे तुला सगळे पाठ होते?
की हा एवढाच?
नळ चालू होता. मी ए निवडला.

उघडलं.
जेवढं वाटलं होतं त्याहून कमी, लाजण्याएवढं नाही.
आठ दशांश स्थळांपर्यंत अर्धं केलं,
एक कण उरला, तो तू मला देऊ केलास,
मी म्हटलं, राहू दे तुला.

आज माझं नवं यंत्र आलं.
नवे चोवीस, सगळे माझे,
एका अखंड पट्टीवर.
ठशांची पेटी तू निघताना हातात दिलीस,
नको नको म्हणत घेतली.
टॉवेल चौपदरी घातलाय.
कोण वाचून दाखवणार, म्हणून
एकेक शब्द आधी मोठ्याने म्हणते, मग ठोकते.
एमचा ठसा पेटीत नाही, डब्ल्यू उलटा धरला की भागतं.
रात्रीचे साडेनऊ.
मिसेस कॉपली आता ब्याऐंशीच्या आहेत,
अजूनही दोनदाच ठोकतात.
मी हातोडी खाली ठेवून
बोटाने भिंतीवर एकदा टकटक केलं,
आणि अकराव्याकडे वळले.