आठ प्रती

पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट येतो,
भाजलेल्या पापडासारखा.
म्हणून शुद्ध नवमी धरली.
नवमीला उजेड आडवा पडतो,
खड्ड्यांच्या कडांना सावल्या फुटतात.

मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीमागे
स्टुडिओच्या गच्चीवर तिपाई लावली.
शेजारच्या गच्चीवर सतारीचे भोपळे वाळत होते,
ओळीने, पालथे,
तेही थोडे उजळलेले.

नदाफचाचा स्वतःची खुर्ची घेऊन आले.
दवाखान्यात एकतीस वर्षं
अंधाऱ्या खोलीत एक्सरे काढले त्यांनी.
निवृत्त झाले तरी आवाज तोच राहिला :
‘श्वास घ्या.
धरून ठेवा.
हलू नका.’
चंद्राला म्हणाले की मला, कोण जाणे.
मीच धरला श्वास.
बटण दाबलं.
‘सोडा.’

एकशे वीस फ्रेमा झाल्या.
मधेच बेळगावकडची मालगाडी गेली,
गच्ची थरथरली.
त्या अकरा फ्रेमांत चंद्राला दोन-दोन कडा आहेत.
एकीत वटवाघूळ,
नेमकं काठावर, एक पंख आत, एक बाहेर.
चाचा दोनदा खोकले.
त्या फ्रेमा कुठल्या, ते सांगता येत नाही.

खाली येऊन संगणक लावला.
सकाळी याच खुर्चीत
एका नवरीचा रंग तीन छटा वर नेला होता.
मामा मागे उभा राहून सांगत होता, अजून जरा, अजून जरा.
हनुवटीवरचा भाजल्याचा डाग
शेजारची निकोप कातडी उचलून
ठिपक्याठिपक्याने झाकला होता.
तोच ब्रश अजून हातात होता.

गंमत म्हणून फिरवला.
उजवीकडचे काळे पट्टे गेले,
सशाचे कान गेले,
मग ससाच गेला.
उरली एक गुळगुळीत पांढरी चकती,
औषधाच्या गोळीसारखी.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘हा कुणाचा काढलास?’
मग जरा वेळाने :
‘आम्ही डाग दिसावा म्हणून काढायचो, बाळा.
नीट दिसला नाही तर
माणसाला पुन्हा टेबलावर झोपवायचो.’

मी एकेक पायरी मागे गेलो.
कान परत आले.

मग फ्रेमा एकावर एक रचल्या.
संगणक काय करतो, तर सरासरी काढतो.
जे प्रत्येक वेळी होतं ते ठेवतो,
एकदाच घडलं ते पुसून टाकतो.
हवेची थरथर गेली. गाडी गेली.
वटवाघूळ गेलं.
खोकलाही गेला असणार.
दोन वाजेपर्यंत चंद्र स्वच्छ झाला,
अगदी दगड,
कुठे बोट ठेवलं तर खरखरेल असा.
आणि मला उगाचच त्या अकरा फ्रेमा
कचऱ्यातून उचलून आणाव्याशा वाटल्या.
आणल्या. वेगळ्या फोल्डरात ठेवल्या.
नाव सुचेना,
‘मालगाडी’ दिलं.

‘प्रिंट केवढी काढू?’
मला वाटलं, भिंतीएवढी म्हणतील.
‘पासपोर्ट,’ चाचा म्हणाले.
‘आठ प्रती येतात ना एका पानावर?’

येतात.
मागचा रंग निळा नको, काळाच असू दे म्हणाले.
कात्रीने मीच कापल्या.
एक नातीला दिली, कंपासपेटीत ठेवायला.
एक भोपळेवाल्या इरफानच्या दुकानात, आरशाच्या चौकटीत अडकवली.
बाकीच्यांचं काय केलं, विचारलं नाही.

बुधवारी त्यांच्याच छातीचा फोटो होता.
फाईलच्या पहिल्या पानावर
रुग्णाच्या छायाचित्रासाठी आखलेल्या चौकोनात
त्यांनी डिंकाने चंद्र चिकटवला होता.
खिडकीतल्या मुलीने पाहिला,
फाईल फिरवून पुन्हा पाहिला,
शिक्का मारला,
अर्धा कागदावर, अर्धा चंद्रावर,
आणि हाक दिली :
‘नदाफ, आत या.’