चित्र नसलेले शब्द

जुन्या लग्नपत्रिका मी टाकून देत नाही.
मागची बाजू कोरी असते, कागद जाड,
एका पत्रिकेची चार कार्डं निघतात.
वर्गातल्या पोरांना आता ठाऊक झालंय,
'पण' उलटा केला की
मागं कुणाच्या तरी मामाचं नाव असतं.

'बैल' सोपा होता. 'आंबा' सोपा.
'भाकर' म्हटल्यावर वसंती राठोडनं
खडूनं फळ्यावर नुसता गोल काढला
नि म्हणाली, "बाटी."
पण 'आणि'चं चित्र काय काढू?
'पण'चं?
'आहे' कोणत्या रंगानं रंगवू?
वाक्यातली ही बारकी माणसं,
लग्नातल्या वाढप्यांसारखी,
दर पंगतीत दिसतात
आणि नाव विचारायचं राहून जातं.

"फोडून वाचायचं नाही," मी सांगते,
"आ, मग ह, मग ह ला मात्रा,
असं जिना चढल्यागत नको.
चुलता लांबून येताना कळतो ना, चालीवरून?
तसं. दिसला की नाव घ्यायचं."
कार्ड वर. "आहे!"
कार्ड वर. "नाही!"
कार्ड वर.
लखन आडे खिडकीबाहेर.

लखनच्या घरी 'आहे'ला 'छ' म्हणतात.
पाणी छ. याडी घरेम छ.
एका अक्षरात ज्याच्या आईचं असणं भागतं
त्याला मी दोन अक्षरं शिकवते,
आणि गावातली पोरं पटांगणात
'हाय' म्हणतात, ते वेगळंच.

पोळा झाला, दसरा झाला.
'आहे' दाखवलं की तो 'आई' म्हणायचा.
'नाही' दाखवलं की गप्प.
केंद्रप्रमुख आले, तक्ता बघितला,
लखनच्या रांगेत एक फुली मारली,
चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले.
त्या रात्री मी सगळी कार्डं
जाड मार्करनं पुन्हा लिहिली, दुप्पट मोठी.
नवरा बघत होता. म्हणाला,
"आधीचं अक्षर काय बारीक नव्हतं."

मंगळवारी स्कूटी पंक्चर झाली.
ढकलत निघाले पोरांच्या मागं,
तांड्याच्या उतारावरून चारठाण्याच्या फाट्याकडं.
तिथं दोन वर्षांपासून रस्ता होतोय.
गिट्टीचे ढीग, एक रोलर,
रोलरच्या सावलीत झोपलेला माणूस,
आणि पिवळी पाटी, डंपरच्या धुळीनं
खालून खात आणलेली.

लखन थांबला.
दप्तर खाली ठेवलं.
पाटीवर चार शब्द होते,
पहिल्या तिघांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
बोट थेट चौथ्यावर.
"मॅडम! इथं 'आहे' हाय!"

"काय आहे?" मी विचारलं.

त्यानं पाटीच्या मागं वाकून बघितलं.
मग खड्ड्यात. मग रोलरकडं.
मग लांब, जिथं डांबर संपून
नुसती मुरमाची लाल पट्टी
जिंतूरच्या बाजूला गेली होती, तिकडं.
"माहीत नाही," तो म्हणाला.
"पण आहे."

स्कूटीचं हँडल माझ्या हातातून जरा सुटलं.
वाचून दाखवता आलं असतं मला,
पुढे, काम, चालू,
आणि मग ते एका पाटीएवढंच झालं असतं.
मी म्हटलं, "हो. आहे."
तो दप्तर उचलून पळाला,
वसंतीला गाठायला, तिला सांगायला.

पंक्चरवाल्यानं ऐंशी रुपये घेतले.
ट्यूबमध्ये बाभळीचा काटा निघाला,
तो मी का कोण जाणे पर्समध्ये ठेवला.

बुधवारी कार्ड वर धरलं, 'आणि'.
लखन उठून उभा राहिला, छाती फुगवून,
म्हणाला, "पाणी!"
ऊन फार होतं. माठ रिकामा होता.
मी कार्ड खाली केलं नाही,
चूकही म्हटलं नाही, नुसती
त्याच्याकडं बघत राहिले,
आणि पहिल्या रांगेतल्या कुणीतरी
मागची बाजू वाचायला सुरुवात केली होती,
मो-ठ्या मा-मा-च्या...