आधी दुप्पट

डिसेंबरात मुळं सावकाश फुटतात,
म्हणून कांदे मी सोमवारीच मांडते
बाटल्यांच्या तोंडावर, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असे.
पाणी नळाचंच, पण रात्रभर उघडं ठेवून
क्लोरीनचा वास उडालेलं.
कांदे आफ्रीन बागवानच्या वडलांकडचे.
मार्केट यार्डात गाळा आहे त्यांचा.
कॉलेजसाठी म्हटलं की निवडून देतात, कोंब न आलेले.

शुक्रवारी पर्वती पायथ्याहून पहिली बस.
लॅबचं कुलूप मीच काढते.
देवस्थळी मॅडम म्हणतात, मुळं सकाळीच कापा,
तेव्हा पेशी जास्त विभागतात,
ऊन चढलं की मंदावतात.
मला त्याचं नवल वाटलं नाही.
घरातली कामंही त्याच वेळात उरकतात.

ब्लेडनं टोकं उडवायची, तांदळाच्या कणीएवढी.
रंगात टाकून स्पिरिटच्या दिव्यावर धरायची,
उकळी येऊ द्यायची नाही.
मग काच, वर टिपकागद, वर अंगठा.
पहिल्या वर्षाची मुलं अंगठा एवढा दाबतात
की काचच तडकते.
मी अठरा वर्षं दाबतेय.
नवरा इथलाच शिपाई होता, त्याच्या जागेवर लागले.
दहावी नापास, पण गुणसूत्रं मला लांबून ओळखू येतात:
खसखशीएवढ्या जागेत
जांभळ्या दोऱ्यांची गुंतवळ.

आज आफ्रीननं विचारलं,
मॅडम, एका मातृपेशीच्या दोन कन्यापेशी झाल्या,
मग मातृपेशी मेली का?
वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या.
म्हणाल्या, मेली म्हणायचं तर प्रेत कुठाय?
आणि राहिली म्हणायचं तर ती कुठली, डावी की उजवी?
मग फळ्यावर खडूनं गोल काढला,
आणि सांगितलं ते मी बेसिनपाशी काचा धूत ऐकलं
(दर वर्षी ऐकते, आज ऐकू आलं):
की पेशी आधी सगळं दुप्पट करते.
एकेका दोऱ्याची हुबेहूब जोड विणून ठेवते.
मग सगळे दोरे मधल्या रेषेवर येऊन उभे राहतात,
मग ओढले जातात, अर्धे इकडे, अर्धे तिकडे,
कुणाला कमी नाही.
आणि भिंत?
भिंत सगळ्यात शेवटी.

माझ्या हातातली काच तशीच राहिली, नळ वाहत राहिला.

आमच्यात भिंत आधी आली.
तेराव्याला आलेले पाहुणे अजून गेले नव्हते
आणि दिरानं विटा टाकल्या दारात.
खोल्या दोन. दोनाच्या चार
कुणी करायच्या, कशानं करायच्या?
पितळी घंगाळ एक, ते त्याच्याकडे गेलं.
शिलाई मशीन एक, ते माझ्याकडे आलं,
पण त्याचा पाय त्याच्याकडे राहिला, खुन्नस म्हणून.
सासू एक.
तिला सहा-सहा महिने वाटून घेतलं.
ती उन्हाळ्यात माझ्याकडे असायची,
आणि उन्हाळ्यातच गेली.

दुपारी मुलं गेल्यावर
दिवे बंद करायच्या आधी मी भिंगाला डोळा लावला.
आफ्रीनची स्लाइड. बरी दाबली होती पोरीनं.
कडेला एक पेशी अशी, की दोरे दोन टोकांना पोचलेले
आणि मधे भिंत नुसती सुरू झालेली,
पेन्सिलीची पुसट रेघ जशी.
ती आता तशीच राहणार. ॲसिडनं तिची वेळ थांबवलीय.
मी बराच वेळ बघत होते.
मॅडम पर्स उचलताना म्हणाल्या,
त्या भिंतीतही बारीक भोकं राहतात, बरं का,
इकडचं तिकडे जायला.

माहितीय, म्हटलं.
आमच्या भिंतीत विजेच्या वायरीसाठी ठेवलंय एक.
संध्याकाळी त्यातून फोडणीचा वास येतो,
जाऊबाई मोहरी नेहमी जास्त घालते.

मुळं कापलेले कांदे वाया जात नाहीत.
पिशवीत घातले, आठ होते.
प्रॅक्टिकलचे कांदे खातात का गं,
असं जाऊबाईनं एकदा विचारलं होतं.
तेव्हा चूल एक होती.