अशी कुठलीही फाइल नाही

साडेनऊला सुन्व्हरचा फोन. बंदर कचेरीतून.
"तुझ्या गॅरेजमध्ये डॉन्यालचं जुनं यंत्र अजून आहे का?"
सतरा वर्षांत डॉन्यालच्या कुठल्याही गोष्टीबद्दल
कुणी मला इतक्या आशेनं विचारलं नव्हतं.

झालं असं, की दुपारी तिनं नवी आवृत्ती चढवली.
पडदा उजळला, अक्षरं टोकदार झाली,
पंखासुद्धा हळू बोलायला लागला.
मग सवयीनं हाक मारली प्रवाहाच्या प्रोग्रॅमला
आणि यंत्र म्हणालं:
अशी कुठलीही फाइल नाही.

आहे की पण!
यादीत नाव आहे, आकार आहे,
चालवायची परवानगी आहे,
तारीख आहे एकवीस वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली
(त्या रात्री मी एकटीच जेवले होते, मला आठवतं).
काखेत कळसा, आणि यंत्र शपथेवर सांगतंय
कळसा नावाची वस्तूच नाही.

मूळ कोड डॉन्यालजवळ. डॉन्याल ऑर्हूसला.
फोन उचलत नाही; माझा तर नाहीच.
हाती उरलंय ते एक-शून्यांचं घट्ट गाठोडं:
सोडून वाचता येत नाही,
फक्त चालवता येतं.
येत होतं.

मी रंगाचे डबे बाजूला केले, जाळी झटकली,
यंत्र लोकरीच्या शालीत गुंडाळून
क्लाक्सव्हीकच्या उतारावरून नेलं, वारा तोंडावर घेत.

कचेरीत हानुस बाकावर बसला होता, टपालाच्या बोटीचा.
पहाटे दोन बेटांमधलं पाणी कधी वळणार
एवढंच त्याला हवं होतं.
नव्या यंत्राकडे तो
नव्या पाद्र्याकडे बघावं तसं बघत होता.

सुन्व्हरला तोवर कळलं होतं घोडं कुठं पेंड खातंय.
फाइल हरवलीच नव्हती.
हरवला होता तिच्या पोटात नाव लिहिलेला दुभाष्या,
जो तिला हाताला धरून मेमरीत नेऊन बसवायचा.
बत्तीस बिटांची बोली. आता कोण बोलतं,
म्हणून नव्या आवृत्तीनं त्याला घेतलाच नव्हता.
आणि "दुभाष्या नाही" असं यंत्राला म्हणता येईना;
नाही म्हणायला त्याच्याकडे ते एकच वाक्य.

तिनं दुभाष्या आणला कुठूनसा, खटपट करून.
मग लायब्ररी सापडेना.
नव्या लायब्ररीवर जुन्या नावाची पाटी लावून पाहिली:
प्रोग्रॅम दारापर्यंत आला,
आत कोण आहे ते बघितलं,
आणि तिथंच कोसळला.
"बरोबरच आहे," मी म्हणाले.
हानुस पहिल्यांदा हसला.

जुन्या यंत्राची डिस्क चार वेळा खोकली, मग फिरली.
सात फाइली काढल्या आम्ही, आवृत्त्यांच्या आकड्यांसकट,
आणि नव्या घरात जुन्याला वेगळी खोली दिली:
त्याचीच भांडी, त्याचाच दुभाष्या,
बाकी घराशी संबंध नको.
(हे शहाणपण मला मशीनकडून कळायचं होतं.)

पावणेबाराला हाक मारली.
कर्सर लुकलुकला. काहीच नाही.
सुन्व्हरनं नखं खाल्ली.
मग एक ओळ उमटली, आमच्या भाषेत, त्याच्या शब्दांत:

कागद सरळ लावा. गेल्या वेळी वाकडा होता.
मग कुठलीही कळ दाबा.

प्रिंटर भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली.
सुन्व्हर माझ्याकडे बघत राहिली.
गेल्या वेळी कागद मीच लावला होता,
आणि वाकडा नव्हता.

मी कळ दाबली, जरा जोरातच.
आकडे खाली उतरत गेले रांगेनं.
हानुसनं चष्मा काढला, पुसला, घातला,
चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं तळहातावर पेनानं लिहिली
आणि दार ओढून घेऊन
बोटीकडे गेला.