कोरा रकाना

गच्चीवर पत्र्याची पेटी, तिच्यात
बारा व्होल्ट, सात अँपिअर.
उद्यमनगरातल्या भंगारातून आणली,
टर्मिनलं घासली, झाकणाचा वायसर
मीच कापून बसवला.
वीज गेली तरी वाऱ्याच्या वाट्या फिरतात, मोजल्या जातात.
पावसाची इवली पळी भरते, कलंडते,
एक टिचकी, एक नोंद.

ऑगस्टात गंगावेशीत दोन दिवस लाईट नव्हती.
"पाऊस काय तुम्हाला विचारून पडतोय व्हय?"
ही म्हणाली.
मी व्होल्ट बघत होतो. अकरा पॉइंट नऊ.

रात्री दोनला सर्जेराव गवळी दारात,
मांडीपर्यंत भिजलेला.
म्हस अडलीय. मोबाईल मेलाय.
"तुझी ती पेटी दे की रं."

दोन वायरी सोडवताना
हात जरा थांबला. खोटं कशाला बोलू.

गोठ्यात एलईडी पट्टीचा पांढरा उजेड,
मी बॅटरी पोटाशी धरून उभा.
आधी दोन खुरं, मग नाक,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग सगळंच एकदम, वाफाळत.

सकाळी नोंदी काढल्या.
दोन दहा ते तीन पस्तीस : कोरं.
शून्य नव्हे. शून्य म्हणजे पाऊस नव्हता.
इथं होता, गोठ्याच्या पत्र्यावर दणादण,
लिहायला कुणी नव्हतं एवढंच.

शेजारच्या आकड्यांवरून
अंदाजानं भरता आला असता तो रकाना.
नाही भरला.

लाईट आलीय.
बॅटरीला अजून शेणाचा वास,
आणि ती भरतीय, सावकाश,
खरवसाच्या डब्याशेजारी.