अंगठेबहाद्दर

बारान्कियात, रेबोलोच्या तिसऱ्या गल्लीत
शनिवारी संध्याकाळी सगळ्यांत जड माणूस मी असायचो.
दोन खोके डोक्यावर, एक काखेत,
आणि मागून विल्फ्रीदोची हाक:
"आर्नुल्फो, सांभाळून! तू पडलास तर उठशील."
पुढचं तो बोलत नसे.

खोक्यांत तबकड्या. बंदरावर खलाशांकडून घेतलेल्या,
रोखीने, नाहीतर रमच्या बदल्यात.
किन्शासाच्या, लागोसच्या, कुठल्या कुठल्या.
त्यांची भाषा गल्लीत कुणाला कळत नव्हती,
आणि त्यांवर अख्खी गल्ली घामाघूम व्हायची.

रविवारी सकाळी विल्फ्रीदो नाण्याने
तबकडीच्या पोटावरचा कागद खरवडायचा.
गाण्याचं नाव गेलं, गाणाऱ्याचं गेलं, गाव गेलं.
पलीकडच्या चौकातल्यांनी हेर पाठवले
तरी त्यांना दिसायचा फक्त
खरूज झाल्यासारखा एक पांढरट गोल.
शिकलेसवरलेलेही तिथे माझ्यासारखेच.
ते मला फार आवडायचं.

मी अंगठेबहाद्दर.
तबकडी अंगठ्यानेच ओळखायचो.
कड वाकलेली ती 'बोकडीण',
नाणं घसरून आरपार चरा गेलेली 'विधवा',
आणि ती पातळशी, 'बुटांची':
तिच्यापायी विल्फ्रीदो पायातले बूट देऊन
अनवाणी घरी आला होता.
वीज गेलेली असो, दिवा फुटलेला असो,
तो नुसता हात मागे करायचा
आणि मी त्यात हवी ती ठेवायचो.
बत्तीस वर्षं. एकदाच चुकलो,
त्या रात्री त्याला मुलगी झाली.

ती ही नोएमी.
आता ती सायकलवरून येते,
किल्ल्यांच्या जुडग्यात अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह.
त्यात म्हणे अकरा हजार गाणी.
मी तळहातावर घेऊन पाहिला.
आंब्याची कोय जड लागेल.
खोटं कशाला बोलू, मानेने सुटकेचा श्वास टाकला.
मी नाही टाकला.

पडद्यावर नावंच नावं,
खरवडलेलं सगळं पुन्हा उगवलेलं,
आणि त्या गल्लीत पहिल्यांदाच
निरक्षर मी एकटा.

विल्फ्रीदो खुर्चीतून म्हणतो,
हे वाजवणं नव्हे, हे टंकलेखन.
त्याचा हात आता थरथरतो,
सुई टेकवायला गेला की
गाण्याआधी सुईच नाचते.
नोएमी म्हणते, पपा, लोक नाचतायत ना?
मग दोघंही माझ्याकडे बघतात.
मी स्पीकरवर रंगवलेल्या काण्या मगरीची धूळ पुसतो.

एका मंगळवारी तिने खोके उघडायला लावले.
एकेक तबकडी वाजवायची, तारेतून पडद्यात उतरवायची.
"हिचं नाव?"
फोन तिने गाण्यासमोर धरला.
फोन बराच वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, ठाऊक नाही.
विल्फ्रीदो गालात हसला. त्यालाही आठवत नव्हतं.
इतकं लपवलं की स्वतःलाही सापडेना.
मी कडेवरून अंगठा फिरवला.
"बोकडीण."
तिने हसू दाबून टाइप केलं.
माझ्या तोंडचा शब्द कुणी लिहून घेतलेला
मी तोवर पाहिला नव्हता.
"परत दाखव," म्हटलं.

आता शनिवारी पडद्यावर निळे डोंगर सरकतात.
ढोल असेल तिथे सुळका, गायक दम घेईल तिथे खिंड.
'विधवे'चा चरा काट्यासारखा उभा राहतो,
मला तो लांबूनच दिसतो.
"काढू का हा?" नोएमी विचारते, "एका बटणाचं काम."
विल्फ्रीदो झोपलाय की ऐकतोय, कळत नाही.
"राहू दे."

खट्ट आवाज येतो.
जुनी माणसं एक पाऊल गाळतात, नवी अडखळतात,
आणि माझा हात आपोआप पुढे जातो,
पुढची तबकडी दिल्यासारखा, रिकामा.
नोएमी मान न वळवता त्यात बिअरची बाटली ठेवते.
थंडगार.
भरलेली, म्हणून जराशी जड.